बद्द

सिन्नरच्या कारखान्यात इन्सुलेटर तपासायला
कौतिकबाई बावीस वर्षं एकाच स्टुलावर बसली.
हातात लाकडी हातोडी, वीतभर.
टण् वाजला तर डावीकडे, विजेच्या खांबावर चढायला.
बद्द वाजला तर उजवीकडे,
भिंतीपलीकडच्या ढिगात.
मजुरी दोन्हींची सारखीच.

कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा
डावीकडचं सगळं मालकानं नेलं.
ढीग राहिला,
आणि ढिगाकडे बघत राहिलेली ती.

मी अंबडला पत्र्याच्या शेडमध्ये पितळ ओततो.
आजोबा तांबट आळीत ओतायचे;
त्यांच्या मुशी घरच्या,
गंगेकाठची चिकणमाती, भाताचं तूस, आजीचे तळहात.
माझ्या मुशी बाजारच्या.
वीस-बावीस घाण्यांत तळाला केसाएवढा तडा,
की परत उधारीसाठी दुकानदारापुढं हसायचं.

ती टेम्पोत बसून आली, मागं चौदा गोण्या.
म्हणाली, मूस कर ह्याची.
म्हटलं, मावशी, भाजलेल्या मातीची परत माती होत नाही.
म्हणाली, नको होऊ दे.

आधी चकाकी खरवडली.
दिसायला गोंडस, पण आगीत सगळ्यात आधी तीच पघळते.
मग कुटणं.
टाइलच्या भट्टीतल्या मोडक्या फळ्या, विटांचे तुकडे,
माझ्याच मेलेल्या मुशींचा काळा चुरा.
तोंडाला ओलं फडकं,
कारण ही धूळ छातीत शिरली
की बाहेरची वाट विसरते.
तीन चाळण्या:
ज्वारीएवढं, रव्याएवढं, पिठाएवढं.
पाणी इतकंच, की मूठ वळावी
आणि हात कोरडा निघावा.

पहिली सुकतानाच उकलली.
दुसरी भट्टीत बसली, पितळ निखाऱ्यांवर सांडलं,
पांढरा धूर छताला जाऊन टेकला,
शेजारचा लेथवाला निकुंभ वाळूची पाटी घेऊन धावला.
तिसरी माझ्या रागानं फुटली.
पुढच्या मी मोजल्या नाहीत.
तिनं मोजल्या, खडूनं, शेडच्या दारावर.

"कच्ची कमी घाल," म्हणाली एका संध्याकाळी,
"लई आकसती पोरगी, म्हणून फाटती.
ह्या भाजलेल्यांचं आकसून झालंय.
ह्यांना मधी मधी उभं कर,
त्या धरतील तिला."

हे तिनं कुठं वाचलं नव्हतं.
मी विचारलंही नाही, कुठून कळलं.

अकरावी, की बारावी, ओल्या गोणपाटाखाली
द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर तीन आठवडे निजली.
बाहेर थंडीनं हातपंपाचा दांडा चावत होता.
मग भट्टी, दिवसभर, घाई न करता.
राखेतून काढली, गार झाली,
आणि कौतिकबाईनं कमरेची हातोडी काढली.
अजून तीच.

वाजवली.
टण् नाही.
बद्दही नाही.
गुळाच्या ढेपेवर टिचकी मारावी तसा काहीतरी,
बावीस वर्षांत तिच्या कानावर न पडलेला आवाज.
तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं,
पुन्हा एकदा वाजवली,
आणि मूस सरळ मांडीवर ठेवली.

त्या मुशीतून देवळाची घंटा ओतली असती
तर सांगायला बरं झालं असतं.
पण ऑर्डर पंपाच्या बुशांची होती,
दोनशे नग, शनिवारपर्यंत.
ओतले. रस लालभडक उतरला,
तळ कोरडा राहिला,
निकुंभ म्हणाला, चहा पाज.

आता दारावर खडूच्या रेघा घाण्यांच्या आहेत.
काल एकतिसावी मारली.
मी आत वाकून तळ बघत होतो,
बॅटरीच्या उजेडात, भीत भीत.
ती गोणीवर बसून पुढचं खरवडत होती.

"तडा गेला की सांग," म्हणाली, मान वर न करता,
"चाळणी मोकळीच आहे."